फुटांत मोजलेली आशा

२०२३ च्या सप्टेंबरात चीनमधल्या हांगझोऊला आशियाई स्पर्धा चालू होती. ५० मीटर रायफल थ्री पोझिशन्सच्या अंतिम फेरीत स्वप्नील कुसाळे आघाडीवर होता. पदक नजरेच्या टप्प्यात आलं आणि उभ्यानं मारलेला एक नेम ७.६ वर गेला. या पातळीवर दहाच्या जरा खाली गेलेलाही नेम महागात पडतो, ७.६ म्हणजे घातच. कोल्हापूर जिल्ह्यातल्या राधानगरी तालुक्यातील कांबळवाडीचा हा नेमबाज चौथा आला. पुढच्या वर्षी, १ ऑगस्ट २०२४ ला, पॅरिस ऑलिंपिकच्या अंतिम फेरीत पहिल्या दोन स्थितींनंतरही तो पदकाच्या बाहेरच होता. तिसरी स्थिती उभ्याची, म्हणजे हांगझोऊला दगा दिलेलीच. तिथं तो वर सरकला आणि ४५१.४ गुणांनी कांस्यपदक घेऊन बाहेर आला. या प्रकारातलं भारताचं ते पहिलं ऑलिंपिक पदक.

अशा बातमीनंतर ‘जिद्द’, ‘सकारात्मकता’ हे शब्द फलकांवर झळकतात. रायफलच्या मैदानावर मात्र नुसत्या सकारात्मकतेला काही किंमत नाही. गोळी नेमकी कुठं लागली हे एक दशांश गुणापर्यंत समोर दिसतं. वारा कुठून आहे ते बघायचं, दर्शिका किंचित फिरवायची आणि पुढचा नेम धरायचा. गोळी मधोमधच लागली असं समजणाऱ्याला दुरुस्ती करता येत नाही. आता सगळं संपलं असं समजणारा दुरुस्ती करतच नाही. मानसशास्त्रज्ञ ज्याला वास्तववादी आशावादी म्हणतात, तो या दोघांच्या मधला माणूस.

आशावादाचा फायदा होतो का, हा प्रश्न आता फक्त प्रवचनकारांकडे राहिलेला नाही. अमेरिकेत सुमारे ७० हजार परिचारिका आणि १,४०० हून अधिक माजी सैनिक यांच्या कित्येक वर्षांच्या नोंदी तपासणारा अभ्यास २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. सर्वांत आशावादी गटातल्या लोकांचं आयुष्य सर्वांत कमी आशावादी गटापेक्षा सरासरी ११ ते १५ टक्क्यांनी जास्त निघालं. व्यायाम, आहार, धूम्रपान हे सगळं हिशेबात धरूनही फरक पुरता पुसला गेला नाही. अर्थात अशा अभ्यासातून संबंध दिसतो, कारण सिद्ध होत नाही. ‘आशा ठेवा, दहा वर्षं जास्त जगा’ असं कुणी विकू लागलं, तर गिऱ्हाइकानं दोन पावलं मागं सरकलेलं बरं.

त्याहून उपयोगी निष्कर्ष गाब्रिएल ओटिंगेन या जर्मन संशोधिकेचा आहे. वजन कमी करू पाहणाऱ्या स्त्रियांच्या १९९१ च्या अभ्यासात त्यांनी दोन गोष्टी वेगळ्या मोजल्या: ‘मला हे जमेल’ हा अंदाज आणि सडपातळ झालेल्या स्वतःची गोड स्वप्नं. जमेल असं वाटणाऱ्यांचं वजन जास्त उतरलं. स्वप्नं रंगवण्यात रमलेल्यांचं कमी उतरलं. मनातल्या मनात पोचलेल्या माणसाला चालायची घाई राहत नाही. म्हणून ओटिंगेन सांगतात, की हवं ते डोळ्यांसमोर आणा आणि लगेच वाटेतला अडथळाही समोर ठेवा.

कोल्हापुरात हे कुणी शिकवलं नाही, पण करून दाखवलं. नसीमा हुरजूक यांचे पाय ऐन तारुण्याच्या उंबरठ्यावर अधू झाले. कमरेखालची संवेदना गेली, शिक्षण थांबलं, जगणं नकोसं झालं. त्यांच्या ‘चाकाची खुर्ची’ या आत्मकथनात त्या अंधाराचं वर्णन हातचं न राखता आलं आहे. त्या काळात त्यांची भेट बाबूकाका दिवाण यांच्याशी झाली. स्वतः चाकाच्या खुर्चीत असलेले हे गृहस्थ धंदा सांभाळत होते आणि स्वतःसाठी बदलून घेतलेली मोटार चालवत होते. ‘तू बरी होशील’ या दिलाशापेक्षा खुर्चीत बसूनही कामाला लागलेला माणूस बघणं त्यांना जास्त उपयोगी पडलं.

पुढं नसीमादीदींनी केंद्रीय अबकारी खात्यात नोकरी केली आणि १९८४ मध्ये ‘हेल्पर्स ऑफ द हँडिकॅप्ड’ ही संस्था कोल्हापुरात उभी केली. तिच्या कामात चमत्काराची वाट पाहिलेली दिसत नाही. खुर्ची जाईल असा उतार, हात पोचेल असा ओटा, अपंग मुलांसाठी वसतिगृह, शिक्षण आणि मिळकत देणारं काम, असा तो व्यवहार आहे. सिंधुदुर्गात संस्थेनं काजू प्रक्रियेचा उद्योगही काढला. पाय परत येणार नाहीत हे एकदा कबूल केल्यावर दाराची रुंदी किती हवी, हा प्रश्न विचारता येतो आणि तो सुटतोही.

आता पंचगंगा नदी. वास्तववादी आशावादाची या शहराची खरी परीक्षा तीच घेते.

जुलै उजाडला की कोल्हापूरकर एकमेकांना ‘पाणी किती फुटांवर?’ असं विचारतात. मोजमाप राजाराम बंधाऱ्यावरचं. ३९ फूट इशारा पातळी, ४३ फूट धोका पातळी. राधानगरी धरणाच्या सात स्वयंचलित दरवाज्यांपैकी कितवा उघडला, हे चहाच्या गाड्यावरही माहीत असतं. एका दरवाजातून १,४२८ क्युसेक पाणी सुटतं. आकड्यांशी इतकी सलगी असलेला जिल्हा २०१९ च्या ऑगस्टमध्ये मात्र चकला. अनेक घरांत २००५ च्या महापुराची खूण भिंतीवर होती, नाहीतर आठवणीत. ‘त्याच्या वर पाणी येत नाही’ या भरवशावर माणसं माळ्यावर सामान ठेवून थांबली. पाणी ५५ फुटांच्या वर गेलं. पुणे–बंगळूर महामार्ग कित्येक दिवस बंद राहिला. शिरोळ तालुक्यात गावंच्या गावं होड्यांनी हलवावी लागली आणि दावणीला राहिलेली जनावरं गेली.

नील वाइनस्टाइन या मानसशास्त्रज्ञानं १९८० मध्ये अशा समजुतीला अवास्तव आशावाद म्हटलं. संकट इतरांवर येतं, आपल्यावर येण्याची शक्यता कमी, असं बहुतेकांना वाटतं. कोल्हापूरच्या बाबतीत त्यात आणखी एक भर होती. लोकांकडं पुरावा होता, पण तो जुना होता.

दोन वर्षांनी, जुलै २०२१ मध्ये, पाणी त्याहूनही चढून ५६ फुटांवर गेलं. नुकसान मोठं झालंच, पण या वेळी प्रयाग चिखली, आंबेवाडीसारख्या गावांतली पुष्कळ माणसं जनावरं घेऊन आधीच बाहेर पडली होती. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत म्हशी चढवणाऱ्या माणसाला निराशावादी म्हणता येणार नाही. परत यायचं आहे, दूध घालायचं आहे, म्हणूनच तो म्हैस वाचवतो.

नृसिंहवाडीनं तर हे फार पूर्वीच रीतीत बसवलं आहे. कृष्णेचं पाणी दत्तमंदिरात शिरून पादुकांवरून दक्षिण दारानं बाहेर पडतं, तेव्हा भाविक त्या पाण्यात स्नान करतात. तो दक्षिणद्वार सोहळा. आणि पाणी आणखी चढू लागलं, की उत्सवमूर्ती उचलून वरच्या मंदिरात नेतात. देवालाही सुरक्षित जागी हलवतात आणि त्यात कुणाची श्रद्धा कमी पडत नाही.

वास्तवाची बाजू घेणारा आणखी एक अभ्यास इथं सांगायला हवा. ब्रिटनमध्ये १,६०१ जणांच्या आर्थिक अपेक्षा आणि प्रत्यक्ष स्थिती १८ वर्षं पडताळून पाहिल्या गेल्या. ज्यांचे अंदाज वस्तुस्थितीच्या जवळ होते, ते सर्वांत समाधानी निघाले. फार आशा धरणारे आणि फार धास्ती घेणारे, दोन्ही मागं पडले. नुकसान दोघांचंही होतं: एकाला अपेक्षाभंगाचा फटका, दुसऱ्याला न आलेल्या संकटाची रोजची धाकधूक.

मग कोल्हापूर पूर्ण शहाणं झालं का? शहराच्या कडेनं फिरलं तर तसं वाटत नाही. नदीकाठी दोन पूररेषा आखलेल्या असतात: निळी साधारण २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. ‘शंभर वर्षांतून एकदा’ हे ऐकून माणूस निश्चिंत होतो, पण २००५, २०१९ आणि २०२१ हे तीन महापूर सोळा वर्षांत येऊन गेले. तरीही पूरपट्ट्यात भराव पडतात, इमले उभे राहतात आणि पावसाळा संपल्यावर सदनिका विकल्या जातात. घर बघायला आलेलं जोडपं ओट्याचा दगड, पार्किंग, नळाच्या पाण्याची वेळ सगळं विचारतं. २०२१ मध्ये इथं पाणी कुठवर चढलं होतं, हे समोरचा पानपट्टीवाला दोन मिनिटांत हात वर करून दाखवेल. त्याला विचारणारे थोडे.