सैबेरियातील निवांत थंडी

थंडी म्हटली की बोचरा वारा आलाच, अशी आपली समजूत. पूर्व सैबेरियातील व्हर्खोयान्स्क येथे 1892 साली पारा उणे 67.8 अंशांपर्यंत उतरला होता. पण तेथे ऐन कडाक्याच्या दिवसांत चुलीचा धूर सरळ वर चढतो!

याचे कारण त्या थंडीतच आहे. हिवाळ्यात बर्फाच्छादित भूमी आपली उष्णता निरभ्र आकाशात सोडून देते. जमिनीलगतची हवा आकसून जड होते आणि दऱ्यांतून तळ्यासारखी साचते. दरीतला माणूस टेकडी चढला तर त्याला चक्क ऊब लागते. समुद्रसपाटीवरील वायुभार सरासरी 1013 मिलिबार. अगाता येथे 31 डिसेंबर 1968 रोजी तो, समुद्रसपाटीच्या हिशेबाने, 1083.8 भरला.

वारा असतो तो या राशीच्या कडेला. तेथून निसटलेली हवा पृथ्वीच्या भ्रमणामुळे उजवीकडे वळते आणि चीन-जपानवर वायव्येचा वारा होऊन धावते. (आपल्याकडे मात्र ती येत नाही; हिमालय आडवा आहे. नाशिकच्या गारठ्याला सैबेरियाचा वारा म्हणणे हौसेचे.) पश्चिमेस उच्च भाराचा एक पट्टा युरोपपर्यंत पसरतो. रशियन शास्त्रज्ञ व्होयेकोव्ह यांच्या नावाने तो ओळखला जातो. त्याच्या उत्तरेस पश्चिमेचे वारे, दक्षिणेस पूर्वेचे. तिकडच्या गवताळ मैदानात 'बुरान' हे हिमवादळ उठले की घरापासून गोठ्यापर्यंत जातानाही माणूस वाट चुकतो. उणे तिसांची स्तब्ध थंडी परवडली, पण उणे विसांचा हा वारा नको!

उन्हाळ्यात भूमी तापते, वायुभार उतरतो. त्याच व्हर्खोयान्स्कमध्ये 20 जून 2020 रोजी पारा 38 अंशांवर गेला होता.