आग्रह जिलबीचा, बर्बनचा नव्हे

मद्याचा विषय निघाला की जुन्या मराठी घरांत दोन तऱ्हा होतात. कोणी जेवण आटोपते घेऊन माडीवर जातो, तर कोणी काही ऐकलेच नाही अशा चेहऱ्याने पानाच्या तबकातली सुपारी शोधू लागतो. लष्करात पिढ्यान्‌पिढ्या असेच चालत आले. सरदारांच्या वाड्यांत पेला उघडपणे फिरे. भिक्षुकांच्या आणि कारकुनांच्या घरांत तो नसे. आणि जेथे चोरून असे, तेथे त्याचे नाव ‘औषध’ होते.

आता हे पांघरूण पुरेनासे झाले आहे. मुले-नातवंडे अमेरिकेत नोकरीला आहेत. सुटीवर येताना विमानतळावरच्या करमुक्त दुकानातून दोन लिटरपर्यंत मद्य आणण्याची मुभा असते, आणि त्यात हल्ली स्कॉचच्या जोडीला बर्बनची बाटली दिसू लागली आहे. इकडे मध्य प्रदेश सरकारने १ एप्रिल २०२३ पासून दारूच्या दुकानांना लागून असलेले अहाते बंद केले. अहाता गेला म्हणून पिणारा पिणे सोडतो असे नव्हे. त्यातला बराच भाग घराकडे वळतो. तेव्हा घरात आलेल्या या पाहुण्याची नीट ओळख करून घेणे आणि त्याच्याशी वागण्याची रीत ठरविणे, हे काम घरातल्या वडीलधाऱ्यांनाच करावे लागणार.

बर्बन ही अमेरिकेची मक्याची व्हिस्की. धान्याच्या मिश्रणात निदान ५१ टक्के मका हवा, ती ओकच्या नव्या आणि आतून जाळून काळ्या केलेल्या पिंपात मुरली पाहिजे, आणि पाण्याखेरीज तीत रंग, साखर वा वास मिसळता कामा नये, असा तिथला कायदा आहे. बाटलीत भरताना मद्यार्काचे प्रमाण ४० टक्क्यांहून कमी चालत नाही. १९६४ साली अमेरिकेच्या काँग्रेसने ठराव करून बर्बन हे आपल्या देशाचे खास पेय असल्याचे जाहीर केले. ती अमेरिकेत कोठेही करता येते, पण तिचे माहेर केंटकी. पिंपाच्या जळक्या लाकडातून तिला तांबूस रंग येतो आणि व्हॅनिला व करपवलेल्या साखरेसारखा गोड वास येतो. आपल्याकडची बरीचशी स्वस्त व्हिस्की उसाच्या मळीच्या मद्यार्कावर बेतलेली असते. त्यामुळे त्या चवीची सवय झालेल्या जिभेला बर्बन प्रथम गोड आणि थोडी परकी वाटते.

केंटकीत रोजच्या बर्बनचा थाट अगदी साधा. चार वर्षे मुरलेली, पांढऱ्या चिठ्ठीची जिम बीम, काळ्या चिठ्ठीची एव्हन विल्यम्स, राय नावाचे धान्य जास्त घातलेली ओल्ड ग्रँड-डॅड, ही तिथली नित्याची नावे. मेकर्स मार्कमध्ये रायऐवजी गहू असतो, म्हणून ती मऊ लागते. वाइल्ड टर्की १०१ मात्र ५०.५ टक्क्यांची, म्हणजे चांगलीच कडक. आपल्या देशात यांवर आयातकर इतका, की तिकडची रोजची बाटली इकडे सणाची होते. हा कर १५० टक्के होता. फेब्रुवारी २०२५ मध्ये तो १०० टक्क्यांवर आणला गेला. बाटली महाग पडली म्हणून ती देव्हाऱ्यातल्या गंगाजलासारखी थेंबाथेंबाने चाखण्याची काहींची प्रवृत्ती असते. जी बाटली मुळात रोजच्या पेल्यासाठी भरली गेली, तिला तो मान पेलत नाही. तिला जोडीदार हवा, आणि तिचा सर्वांत जुळणारा जोडीदार म्हणजे जिंजर एल, सरळ मराठीत आल्याचे गोड सोडापाणी.

जिंजर एलचा जन्म एकोणिसाव्या शतकात आयर्लंडमधल्या बेलफास्टचा समजला जातो. ते पेय रंगाने गडद आणि चवीला झणझणीत असे. पुढे १९०४ साली कॅनडात टोरांटोच्या जॉन मॅकलॉकलिन या रसायनज्ञाने फिक्या रंगाचे, कमी गोड असे ‘कॅनडा ड्राय’ काढले, आणि आज जगभर चालतो तो बहुतेक याच फिक्या वळणाचा. अमेरिकेत १९२० ते १९३३ दारूबंदी होती. त्या काळात चोरट्या, भिकार दारूची चव झाकायला जिंजर एल फार उपयोगी पडले. आल्याचा हा गुण ध्यानात ठेवण्याजोगा आहे, कारण तो दोषही आहे: आले झाकते. पेल्यात मद्य किती हे जिभेला कळत नाही.

आपल्याकडे आल्याचे सोडापाणी मुख्यतः पारशी आणि इराणी मंडळींमुळे रुळले. मुंबईत पालनजींचा सोडा १८६५ पासूनचा, पुण्याच्या कॅम्पात अर्देशीर यांचा १८८४ पासूनचा. तोंडात काचेची गोटी अडकलेली बाटली हायरम कॉड या इंग्रजाची. तिचे पेटंट १८७२ सालचे. गोटी आत ढकलली की येणारा तो ‘फट्ट’ आवाज आपल्यापैकी अनेकांनी जत्रेत ऐकला असेल. आज श्वेप्स किंवा मुंबईच्या स्वामी या कंपनीचे जिंजर एल मोठ्या शहरांतल्या दुकानांत मिळते.

ते न मिळाल्यास घरी करावे, आणि आमच्या मते घरचेच सरस. आले धुऊन, सालीसकट किसून रस पिळावा आणि अर्धा तास तसाच ठेवावा. तळाशी पांढरी साय बसते ती आल्यातली पिठूळ असते. ती सोडून वरचा निवळ रस घ्यावा. साखरेचा पातळ पाक करून निवू द्यावा व मग त्यात रस घालावा. रस पाकाबरोबर उकळू नये. ओल्या आल्याचा तिखटपणा उकळल्याने मवाळ होतो. तेच आले वाळवून सुंठ केली तर तो उलट वाढतो, म्हणूनच सुंठवड्याची चिमूट घशाशी इतकी झोंबते. पेल्यात दोन-तीन चमचे हा पाक, अर्ध्या लिंबाचा रस, चिमूटभर मीठ आणि वरून गार सोडा. ग्वाल्हेरच्या जेठात पारा ४५ अंशांपुढे जातो, तेव्हा पन्ह्याच्या शेजारी हे पेय मानाने बसेल.

जोड्या लावण्याचे सूत्र सोपे आहे. जिम बीमसारख्या हलक्या बर्बनला घरचे झणझणीत आल्याचे पाणी चालते. ओल्ड ग्रँड-डॅडमध्ये रायचा तिखटपणा असतो, तिला फिके, बाजारचे जिंजर एल पुरे. गव्हाच्या मऊ बर्बनला आले बेताने घालावे, नाही तर उरते ते केवळ आलेच. प्रमाण एकास तीन, बर्फ भरपूर आणि लिंबाची फोड. तोंडी लावायला मुरैन्याची गजक ठेवून पाहावी. भाजलेले तीळ आणि बर्बनचा जळका गोडवा यांचे गोत्र एकच.

आता रीतीविषयी. यासाठी आपल्या शहराला दूर जायला नको. जयविलास राजवाड्यातले संग्रहालय १९६४ पासून लोकांस खुले आहे. तेथील मेजवानीच्या टेबलावरची चांदीची आगगाडी न पाहिलेले मराठी घर ग्वाल्हेरात विरळा. आगगाड्यांचे शौकीन माधवराव महाराज शिंदे यांनी ती विलायतेतून करवून आणली. तिच्या सात डब्यांवर शिंद्यांच्या इंग्रजी नावाचे एकेक अक्षर आहे. जेवण झाले की ही गाडी ब्रँडी आणि सिगार घेऊन पाहुण्यांपुढून रुळावर फिरे. काचेची सुरई उचलली की गाडी थांबे, परत ठेवली की पुढे निघे. लहान मुले तिच्याकडे खेळणे म्हणून पाहतात. मोठ्यांनी तिच्यातली आदब पाहावी. गाडी प्रत्येकापुढून जाते, पण ज्याने हात पुढे केला त्याच्यापुढेच थांबते. न घेणाऱ्याला कोणी ‘का?’ म्हणून विचारीत नाही. त्याला नाही म्हणण्याचीही गरज पडत नाही.

आपल्या पंगतीची रीत नेमकी याच्या उलट. जिलबीचा आग्रह झाला नाही तर पाहुणा रुसतो, आणि ‘माझी शपथ’ म्हणून वाढलेली पुरणपोळी प्रेमाची खूण ठरते. हीच सवय मद्याला लावली की घात होतो. ‘एवढ्याने काय होते’ म्हणणारा यजमान जिलबी वाढतो आहे असेच समजत असतो. समोरचा कदाचित औषधे घेत असेल, त्याला गाडी चालवीत घरी जायचे असेल, किंवा मोठ्या कष्टाने सोडलेली सवय त्याने आवरून धरली असेल; त्याचा संकोच कोणालाच दिसत नाही.

म्हणून आमची सूचना अशी. घरात बर्बन आली तर आल्याचे पाणी मोठ्या घागरीत करावे आणि सर्वांना एकाच तऱ्हेच्या पेल्यात द्यावे. आजींना, सूनबाईंना, मुलांनाही. बर्बनची सुरई वेगळी, उघड्यावर, मापासह ठेवावी. घेणाऱ्याने आपल्या हाताने, मोजून घ्यावी. घागरीत मद्य आधी मिसळून ठेवू नये; आले झाकते, आणि मुलाच्या किंवा व्रतस्थ माणसाच्या हाती भलता पेला जायला क्षण पुरतो. मध्य प्रदेशात २१ वर्षांखालच्यांना मद्य देणे कायद्यानेही मना आहे.

अशा बैठकीत पिणारा आणि न पिणारा शेजारी-शेजारी बसतात, दोघांच्या हातांत फेसाळ, आल्याच्या वासाचा पेला असतो, आणि कोणाला माडीवर जावे लागत नाही, की तबकात सुपारी शोधावी लागत नाही. आग्रह करण्याची हौस फारच असेल, तर तो आल्याच्या पाण्याचा करावा. त्याचा दुसरा पेला कोणी नाकारीत नाही.