दीड हाताचं जहाज

इंग्लंडच्या ईशान्य किनाऱ्यावर हार्टलपूल नावाचं गाव आहे. तिथं आजही मुंबईत बांधलेलं एक जहाज पाण्यावर उभं आहे. त्याचं नाव 'ट्रिंकोमाली'. वाडिया घराण्यातल्या जमशेटजी बमनजी यांनी ते मलबारी सागवानातून बांधलं आणि १२ ऑक्टोबर १८१७ रोजी मुंबईच्या गोदीतून पाण्यात सोडलं. युरोपात आज तरंगत असलेली ही सर्वांत जुनी युद्धनौका. तिच्या तोफांच्या मजल्याची लांबी दीडशे फूट. चौसष्टास एक या प्रमाणात ती बांधायला घेतली, तर हा मजला सुमारे ७२ सेंटिमीटरचा होतो, म्हणजे दीड हाताहून थोडा जास्त. एवढ्याशा जहाजावर माणसं वर्षानुवर्षं काम करतात. त्यांच्या या कामाकडे आपण छंद म्हणून पाहतो आणि पुढे जातो, पण ते त्याहून फार मोठं आहे असं मला वाटतं. ही माणसं इतिहासाला असे प्रश्न विचारतात, जे नुसतं वाचणाऱ्याला सुचतच नाहीत.

'ट्रिंकोमाली'चंच घ्या. १८१२ मध्ये तिची मागणी नोंदवली गेली आणि तिचे नकाशे 'जावा' या जहाजातून मुंबईकडे निघाले. ब्राझीलच्या किनाऱ्याजवळ २९ डिसेंबर १८१२ रोजी 'जावा'ची गाठ अमेरिकेच्या 'कॉन्स्टिट्यूशन'शी पडली, 'जावा' नष्ट झाली आणि नकाशेही गेले. नवी प्रत यावी लागली. प्रत्यक्ष बांधणी १८१६ मध्ये, कण्याच्या लाकडात चांदीचा खिळा ठोकून सुरू झाली. ज्या आराखड्यावर ती बांधली, तो मुळात फ्रेंचांचा. १७८२ मध्ये इंग्रजांनी पकडलेल्या 'हेबे' या जहाजाच्या रेषा त्यांनी उतरवून घेतल्या होत्या. त्याच आराखड्यावरचं दुसरं जहाज, १८२४ चं 'युनिकॉर्न', स्कॉटलंडमध्ये डंडीला आहे. ते इंग्लंडात बांधलं गेलं आणि त्यावर डोलकाठ्या कधी चढल्याच नाहीत. एकाच मुळाची दोन जहाजं आजही डोळ्यांनी पाहता येतात, हे केवढं भाग्य! मॉडेल बांधणाऱ्याला मात्र इथंच पहिला निर्णय घ्यावा लागतो. कुठल्या सालची 'ट्रिंकोमाली'? मुंबईहून निघाली तेव्हाची, की १८४५ च्या सुमारास तोफा कमी करून २६ वर आणल्या तेव्हाची? जहाज हे एका दिवसाचं नसतं. मॉडेलला मात्र एकच दिवस निवडावा लागतो.

जहाजांच्या प्रतिकृती करण्याची परंपरा फार जुनी आहे. इजिप्तमध्ये मेकेत्रे नावाच्या अधिकाऱ्याच्या, सुमारे ४,००० वर्षांपूर्वीच्या थडग्यात १९२० मध्ये लाकडी नौका सापडल्या. त्यांत वल्ही मारणारी माणसं आहेत, स्वयंपाकाची वेगळी होडीही आहे. डेन्मार्कच्या शेकडो चर्चमध्ये छताला जहाजं टांगलेली असतात. नेपोलियनच्या युद्धांत इंग्लंडात कैद झालेल्या फ्रेंच सैनिकांनी जेवणातून उरलेली हाडं साफ करून, तासून त्यांची जहाजं केली आणि तुरुंगाच्या दाराशी भरणाऱ्या बाजारात विकली. या हाडांच्या जहाजांतली प्रमाणं पुष्कळदा चुकलेली असतात. तरी त्यांतली चिकाटी पाहिली की मन भरून येतं.

पण मॉडेलनं ज्ञान दिल्याची खरी गोष्ट वेगळी आहे. १६६२ मध्ये इंग्रजी आरमाराच्या कारभारात नव्यानं आलेल्या सॅम्युअल पेपिसला जहाज कसं बांधतात हे ठाऊक नव्हतं. अँथनी डीन या जहाजबांधणीतल्या तरुणानं त्याला ते शिकवलं, त्यासाठी एक मॉडेलही दिलं. त्या शतकाच्या उत्तरार्धात आणि पुढच्या शतकात इंग्लंडात तयार झालेली मॉडेल्स बहुधा अठ्ठेचाळीसास एक या प्रमाणात असत. पाण्याखालच्या भागावर फळ्या न ठोकता बरगड्या उघड्या ठेवत. ग्रीनिचला आणि अमेरिकेत ॲनापोलिसच्या नाविक अकादमीत ती आजही आहेत. आतली रचना दाखवण्याचा तो प्रामाणिकपणा मला कुठल्याही चकचकीत, रंगवलेल्या जहाजापेक्षा मोलाचा वाटतो. पुढे १८७० च्या दशकाच्या आरंभी अभियंते विल्यम फ्राउड यांनी टॉर्कीला पाण्याचा लांब हौद बांधला आणि त्यात मेणाची जहाजं ओढून मोठ्या जहाजाला पाणी किती विरोध करील हे मोजायला सुरुवात केली. लांबी पंचविसाव्या हिश्शाची असेल, तर वेग पाचव्या हिश्शाचा ठेवायचा, हा त्यांचा नियम. आजही मोठ्या जहाजांची मॉडेल्स आधी अशा हौदांत ओढून पाहतात.

प्रत्यक्ष काम कसं चालतं, हेही सांगायला हवं, कारण सगळं मर्म तिथंच आहे. बरगड्या उभ्या राहिल्या की फळ्या मारायच्या. लाकडाची फळी जाडीच्या अंगानं वाकते, रुंदीच्या अंगानं वाकत नाही. जहाजाच्या मधोमध बरगडीचा घेर मोठा, नाळेकडे, म्हणजे पुढच्या टोकाकडे, तो निम्म्याहून कमी होत जातो. सगळ्या फळ्या सारख्या रुंदीच्या लावत गेलात तर पुढे त्या एकमेकींवर चढतात. म्हणून प्रत्येक बरगडीवर कागदाची पट्टी गुंडाळून घेर मोजायचा, त्याचे फळ्यांच्या संख्येइतके भाग पाडायचे आणि प्रत्येक फळी पुढे निमुळती करत न्यायची. काही फळ्या मुळातच वक्र कापाव्या लागतात. मागच्या टोकाला उलटा प्रश्न येतो. तिथं घेर रुंदावतो आणि मध्येच एखादी तिरकी पट्टी घालावी लागते. मूळ सुतारानंही हेच केलेलं असतं, कारण लाकडाचा स्वभाव जहाजाच्या आकारानुसार बदलत नाही. हे हातानं एकदा केलं की गोदीत काम करणाऱ्या माणसाच्या निर्णयाचं कारण कळतं. कितीही पानं वाचून ते असं कळत नाही.

लाकडाची निवड हा या मंडळींच्या गप्पांतला कायमचा विषय आहे. खरं जहाज सागवानाचं, म्हणून मॉडेलही सागवानाचं करावं असं नवख्याला वाटतं. पण सागाच्या रेषा आणि छिद्रं मोठी. चौसष्टास एक प्रमाणात ती फळीवरच्या भेगांएवढी दिसतात. म्हणून पेअर किंवा बॉक्सवुडसारखी बारीक पोताची लाकडं वापरतात. आपल्याकडचं हेदूचं पिवळसर, घट्ट लाकूड त्या कामाला उत्तम, हे मी आग्रहानं सांगेन. फळ्यांना बरगड्यांशी जोडणारी दीड इंची लाकडी खुंटी या प्रमाणात ०.६ मिलिमीटरची होते. ती करायला बांबूइतकं चांगलं काही नाही. चिरलेल्या बांबूची काडी लोखंडी पट्टीतल्या लहान-लहान होत जाणाऱ्या भोकांतून ओढत न्यायची. बांबूचा तंतू सरळ असल्यामुळे ती तुटत नाही.

दोरखंडाची गोष्ट याहून अवघड. 'व्हिक्टरी' या जुन्या इंग्रजी युद्धनौकेवर सुमारे ४२ किलोमीटर दोर होता असं सांगतात. मॉडेलचा दोर विकत मिळतो, पण चांगले बांधणारे तो घरी वळतात. तीन पदर एका दिशेनं पिळायचे आणि मग ते एकत्र उलट्या दिशेनं वळायचे, काथ्याचा सुंभ वळतात तसंच. तो डेकवर गुंडाळून ठेवायला गेलं की निसर्गनियम आडवा येतो. प्रमाण चौसष्टावं केलं की वजन चौसष्टाच्या घनानं, म्हणजे २,६२,१४४ पटींनी कमी होतं. ताठरपणा त्या मानानं उरतो. खरा दोर आपल्या भारानं खाली पडतो, लहान दोर हवेत उभा राहतो. मग पातळ केलेल्या डिंकानं त्याला वळण द्यावं लागतं. लहानशी गोष्ट, पण डोळ्याला फसवते ती हीच.

अशा अडचणी माणूस एकट्यानं सोडवू शकत नाही. म्हणूनच या छंदात, टेबलाशी एकटी बसणारी माणसं एकमेकांना कायम काहीतरी दाखवत असतात. आज किती बरगड्या उभ्या राहिल्या, कुठली फळी फुटली, डोलकाठीचा कोन बरोबर आहे का. अमेरिकेत १९४८ मध्ये नॉटिकल रिसर्च गिल्ड नावाची संस्था उभी राहिली आणि संशोधन व मॉडेलबांधणी एकाच छताखाली आली. सी. नेपियन लाँगरिज यांनी 'व्हिक्टरी' बांधताना केलेल्या कामावरचं पुस्तक १९५५ मध्ये आलं. ते आजही बांधणाऱ्यांच्या हाताशी असतं. अनेक जण एकच जहाज एकाच वेळी बांधायला घेतात आणि एकाची चूक दुसऱ्याला आधीच समजते. या मंडळींत सर्वांत जास्त मान मिळतो तो हातात सफाई असलेल्याला नव्हे. बांधलेला भाग पुरावा दाखवल्यावर तोडून पुन्हा करणाऱ्याला मिळतो. ही मला त्यांची सर्वांत आवडती रीत.

आता आपल्याकडे येऊ. कोकणच्या आरमाराविषयी आपण अभिमानानं बोलतो. सिंधुदुर्ग, कुलाबा, विजयदुर्ग, आंग्र्यांच्या गुराबा, म्हणजे मोठ्या लढाऊ नौका, आणि गलबतं. पण एखादी गुराब बरगडीसकट उभी करून दाखवा म्हटलं तर काय दाखवणार? १७५६ च्या फेब्रुवारीत इंग्रजांचे वॉटसन आणि क्लाइव्ह विजयदुर्गावर चालून आले. तोफेच्या गोळ्यानं 'रिस्टोरेशन' या, आंग्र्यांनी ईस्ट इंडिया कंपनीकडून पकडलेल्या जहाजाला आग लागली आणि ती पसरत जाऊन सारं आरमार जळालं. कोकणातले सुतार कागदावर नकाशे काढत नसत. त्यांच्या डोळ्यांत आणि हातांत सगळं असे. म्हणून जे उरलं ते वर्णनांत, चित्रांत आणि शिल्पांत. बोरिवलीजवळच्या एकसरच्या वीरगळांवर वल्ह्यांच्या रांगांसह युद्धनौका कोरलेल्या आहेत. डॉमिनिक सेरेस यांचं विजयदुर्गाच्या लढाईचं चित्र १७७१ चं, घटनेनंतर पंधरा वर्षांनी काढलेलं. भा. कृ. आपटे यांनी मराठा आरमारावर लिहिलेला ग्रंथ १९७३ मध्ये आला. हे सगळं हाताशी घेऊन बसायला माणसं हवीत.

फ्रेंच आरमारातले एडमंड पारिस यांनी एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात जगभर फिरून युरोपबाहेरच्या होड्या मोजल्या आणि १८४० च्या दशकात त्यांचे आराखडे प्रसिद्ध केले. त्यांत आपल्या पश्चिम किनाऱ्यावरची फत्तेमारीही आहे. पुढे त्यांनी पॅरिसच्या संग्रहालयासाठी आराखड्यांवरून मॉडेल्स करून घेतली. बंदरात उभ्या असलेल्या होडीची मापं घ्यायला माणसाला एक दोरी, एक ओळंबा आणि थोडे दिवस लागतात. मालवण, रत्नागिरीच्या खाड्यांत लाकडी होड्या आहेत. फायबरच्या होड्यांनी त्यांची जागा घेतली असली, तरी त्या अजून दिसतात, आणि त्या बांधणारे वयस्क सुतार सांगायला राजी असतात. त्यांच्याकडे जाऊन बसणं हे तातडीचं काम आहे. नौदलानं २०२५ मध्ये 'कौंडिण्य' हे शिवलेलं जहाज सेवेत घेतलं. अजिंठ्याच्या पाचव्या शतकातल्या चित्रावरून ते गोव्यात बांधलं गेलं, आणि त्याची चाचणी आधी मद्रासच्या आयआयटीत मॉडेलवर झाली. चित्रावरून जहाजापर्यंत जाता येतं, हे त्यानं दाखवलं.

गुराबेच्या बाबतीत सुरुवात कुठून करावी, असं मला विचारलं तर मी इतिहासकार रॉबर्ट ऑर्मच्या वर्णनाकडे बोट दाखवीन. त्याचा ग्रंथ १७६३ मधला. गुराब लांबीच्या मानानं रुंद, मधल्या भागापासून पुढे निमुळती होत जाणारी. दोन डोलकाठ्यांची सुमारे १५० टनांची, तीन डोलकाठ्यांची ३०० टनांपर्यंतची. नाळ पाण्यावर पुढे लांब आलेली आणि तिच्यावरच्या डेकला कठडे नाहीत, कारण समोरून आलेली लाट वर चढली तर तिनं अडथळ्याविना वाहून जायला हवं. नाळेच्या मागे आडवी भिंत, त्या भिंतीत दोन भोकं आणि त्यांतून पुढे तोंड केलेल्या नऊ ते बारा पौंडांच्या दोन तोफा. एवढ्या शब्दांतून काय निघतं पाहा. तोफ पुढे उडवायची असेल तर धक्क्यानं मागे सरकायला जागा हवी, आणि त्या जागेत डोलकाठीचा बुंधा येऊन चालत नाही. दोन तोफा शेजारी ठेवायच्या, गाडे धरून प्रत्येकीला चार-पाच फूट आणि मध्ये गोळा भरणाऱ्यांना वाट. म्हणजे त्या भिंतीपाशी गुराबेची आतली रुंदी १२ फुटांच्या खाली जाऊ शकत नाही. चौसष्टास एक प्रमाणात ती सुमारे पावणेसहा सेंटिमीटर. जाड कागद कापून ती भिंत आधी उभी करावी आणि तिथून मागे एकेक बरगडी मोजत यावं.