मापाबाहेरची संख्या

१३ जुलै २०२३ रोजी दिल्लीच्या जुन्या लोखंडी पुलापाशी यमुनेची पातळी २०८.६६ मीटरपर्यंत चढली. धोक्याची रेषा आहे २०५.३३ मीटरवर. मयूर विहारच्या बाजूला नदीकाठी शेती करून राहणाऱ्या कुटुंबांना रस्त्याच्या कडेला तंबूंत आसरा घ्यावा लागला. आता अशी कल्पना करा, की पाणी मोजण्याची पट्टी २०७ मीटरपर्यंतच आहे, आणि पाणी तिच्यावर गेले की आकडा पुन्हा शून्यापासून सुरू होतो. ऐन महापुरात नदी आटल्याची वर्दी मिळाली असती!

संगणकात हा प्रकार खरोखर घडू शकतो. तेथे प्रत्येक संख्येला ठरावीक घरे दिलेली असतात. बत्तीस घरांत मावणारी सर्वांत मोठी संख्या ४,२९,४९,६७,२९५ ही होय. तीत एक मिळवला, की उरते शून्य.

कार्यप्रणालीच्या गाभ्याला कर्नल म्हणतात. स्मृतीतील जागा वाटून देणारा तो कोठारी आहे. समजा, एखाद्या आज्ञावलीने चार-चार बाइटांच्या १,०७,३७,४१,८२५ नोंदींसाठी जागा मागितली. हा गुणाकार बत्तीस घरांत मावत नाही. हाती उरतात केवळ ४. कर्नल चारच बाइट राखून ठेवतो, पण नोंदी लिहीत सुटतो, आणि शेजारच्या स्मृतीवर आक्रमण होते. यंत्र बंद पडले तर थोडक्यात निभावले म्हणायचे. कारण असे आकडे मुद्दाम पाठवून कावेबाज मनुष्य यंत्राचा ताबाही घेऊ शकतो.

मग उत्तर तपासून का पाहू नये? कारण ४ ही संख्या दिसायला अगदी निरुपद्रवी आहे. म्हणून तपासणी गुणाकाराच्या आधी हवी. कमाल संख्येला नोंदीच्या आकाराने भागावे. येथे भागाकार १,०७,३७,४१,८२३ येतो. मागणी त्याहून मोठी आहे, तेव्हा ती नाकारावी. लिनक्सच्या कर्नलमध्ये ही तपासणी करून जागा देणारी सोय २०१२ साली आली, आणि २०१८ मध्ये जुन्या उघड्या गुणाकारांच्या जागी ती सर्वत्र बसविण्याची मोठी मोहीम झाली.

घरे चौसष्ट केल्याने मर्यादा दूर जाते. नाहीशी होत नाही. मागणी नाकारली गेल्यास वापरणाऱ्याचे काम क्षणभर अडते खरे, परंतु त्याच यंत्रातील इतरांची कागदपत्रे त्या नकारामुळेच सुरक्षित राहतात.