साखरेचा आजार आणि पिशवीच्या तोंडाचा कॅन्सर



एरवी आम्ही बेणे, खते, खोडव्याची निगा यांबद्दल लिहितो. आम्ही डॉक्टर नव्हे. पण ऊसनोंदीला घरोघर फिरताना जे पाहिले, ते या वेळी सांगणे भाग आहे.

आमच्या गटातील एका सभासदाच्या कारभारणीला आठ वर्षांपासून मधुमेह आहे. अंगावरून पांढरे जायचे, खाज सुटायची. "साखरेमुळं होतंय," म्हणून वर्ष निघून गेले. साखर वाढली की असा त्रास होतो हे खरे, आणि फसगत होते ती इथेच. पुढे पाळी बंद होऊन सहा वर्षे झाल्यावर पुन्हा रक्त दिसले, तरी लाजेने बाई बोलल्या नाहीत. दिवाळीला नालासोपाऱ्यात मुलाकडे गेल्या, तेव्हा सूनबाईंच्या लक्षात आले. वसईच्या डॉक्टरांनी तुकडा काढून तपासायला पाठवला. गर्भाशयमुखाचा, म्हणजे पिशवीच्या तोंडाचा कॅन्सर निघाला, टप्पा तिसरा.

परळच्या टाटा रुग्णालयात उपचार ठरले. आठवड्यातून पाच दिवस वीज, म्हणजे किरणोपचार, असे पाच आठवडे. सोबत आठवड्याला एकदा सलाईनमधून औषध आणि शेवटी आतून किरण. सकाळी नालासोपाऱ्याला लोकलमध्ये पाय ठेवायला जागा नसते. म्हणून मुलगा आईला आधी उलट विरारला नेई, तिथे बसायला जागा मिळवी आणि मग दादर गाठी. आम्ही भेटायला गेलो तेव्हा वसईचे जुने लोक, इथे रहाटाच्या पाण्यावर ऊस व्हायचा, असे सांगत होते. आता सगळ्या इमारती! असो.

तिसऱ्या आठवड्यात जुलाब लागले, जेवण तुटले आणि साखर ३०० च्या वर गेली. उपचार थांबतात की काय, अशी वेळ आली.

मधुमेहाने या कॅन्सरात आयुष्य कसे घटते, ते तिथे नीट समजले. सलाईनमधले औषध, सिस्प्लॅटिन, मूत्रपिंडावर ताण देते. टाटातच ८५० स्त्रियांवर झालेल्या आणि २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, तिसऱ्या टप्प्याच्या रोग्यांपैकी नुसते किरण घेतलेल्या शेकडा ४६ जणी पाच वर्षांनी हयात होत्या. सोबत हे औषध घेतलेल्या ५४. म्हणजे शंभरात आठ जास्त. परंतु मधुमेहाने मूत्रपिंड आधीच अधू असेल, तर हे औषध पुरते देता येत नाही. त्यात गाठीने मूत्रनळी दाबली तर दुहेरी मार. उलटी होऊ नये म्हणून दिलेल्या स्टिरॉइडने साखर चढते, आणि जेवण न करता इन्सुलिन घेतले तर ती एकदम उतरते. साखर जास्त असली की जंतुसंसर्ग लवकर होतो, मग किरणांत खंड पडतो. सगळा उपचार साधारण आठ आठवड्यांत पुरा व्हावा लागतो. लांबला की गुण कमी येतो.

तैवानात सुरुवातीच्या टप्प्यातील रोग्यांचा अभ्यास झाला, त्यातही मधुमेही स्त्रियांचे आयुष्य कमी भरले. अर्थात मधुमेही बायका वयस्क असतात, इतर दुखणीही असतात. सगळा दोष साखरेच्या माथी मारता येणार नाही. आणि मधुमेह आहे म्हणून उपचारच नको, असा अर्थ तर कोणी मुळीच काढू नये. आमच्या बाईंना इन्सुलिन सुरू झाले. सूनबाईंनी वहीत रोजची साखर लिहिली, ती वही डॉक्टरांना दाखवली. उपचार पुरे झाले. त्याला दोन वर्षे होतील. तपासणीला जाणे चालू आहे.

हाच रोग आधी सापडला असता तर? उत्तर आपल्यासारख्याच ऊसपट्ट्यात आहे. उस्मानाबाद, म्हणजे आताच्या धाराशिव जिल्ह्यात बार्शीच्या नर्गिस दत्त कॅन्सर रुग्णालयाने आणि टाटाने १९९९ पासून ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ स्त्रियांचा अभ्यास केला. २००९ साली निष्कर्ष आला: ज्या गावांत पिशवीच्या तोंडाचा नमुना घेऊन एच.पी.व्ही. विषाणूची एकदाच तपासणी केली, तिथे या कॅन्सरचे मृत्यू जवळजवळ निम्म्यावर आले. खोडकिडा पोंगा वाळण्याआधी दिसला तर काय फरक पडतो, हे सभासदांना आम्ही काय सांगावे!

सरकारी आरोग्य केंद्रातल्या तपासणी कार्यक्रमात तिशीपुढच्या बायकांसाठी रक्तातील साखर आणि पिशवीचे तोंड, दोन्ही आहेत. तोंडाला सौम्य आम्ल लावून पाहतात, काही मिनिटांचे काम. एका खेपेत दोन्ही उरकून घ्यावीत. पाळी गेल्यावर रक्त दिसले, संबंधानंतर रक्त आले किंवा घाण वासाचे पाणी जाऊ लागले, तर शिबिराची वाट न पाहता डॉक्टरांकडे जावे. साखर असली तरी "साखरेचंच असेल" म्हणू नये. घरातल्या पुरुषांनीही हे वाचावे. डॉक्टरकडे न्यायला मोटारसायकल तेच काढतात.

उपचाराला मुंबईस जाणाऱ्यांनी रेशनकार्ड, आधारकार्ड आणि मधुमेहाच्या गोळ्यांच्या चिठ्ठ्या सोबत ठेवाव्यात. महात्मा जोतीराव फुले जन आरोग्य योजनेत कॅन्सरचे उपचार बसतात.

आरोग्य केंद्रातील तपासणीचा वार विचारून तो प्रत्येक गट ऑफिसच्या फळ्यावर, तोडणी कार्यक्रमाच्या शेजारीच, लिहिण्यास आम्ही शेतकी कर्मचाऱ्यांना सांगितले आहे.

– ऊस विकास अधिकारी