दहिवंडीचे शब्बीर मामू आणि आमचे अब्बा

26 जानेवारी 2019 ला शाळेतलं झेंडावंदन आटोपून मी माहेरी गेले, तेव्हा अब्बा ओट्यावर वर्तमानपत्र उलटंसुलटं करत बसले होते. नजर अधू झाल्यामुळे मथळे दिसायचे, पण मजकूर दिसत नव्हता. पद्म पुरस्कारांची यादी आली होती आणि तिच्यात आपल्या बीड जिल्ह्याचं एक नाव होतं. शिरूर कासार तालुक्यातल्या दहिवंडीचे सय्यद शब्बीर, म्हणजे गावोगावचे शब्बीर मामू. जनावरांच्या सेवेसाठी पद्मश्री. मी वाचून दाखवलं. अब्बा म्हणाले, "फिरसे पढ." मी पुन्हा वाचलं.

अब्बा आता नाहीत. अल्लाह त्यांची मगफिरत करो. त्यांच्याविषयी लिहायला बसले की मला तो दिवस आधी आठवतो, आणि त्या दिवसाबरोबर शब्बीर मामू.

मामूंची गोष्ट बहुतेक वाचकांना थोडीफार ठाऊक असेल. त्यांचे वडील बुडन सय्यद यांचा खाटकाचा व्यवसाय होता. त्यात त्यांचं मन रमलं नाही. त्यांनी तो सोडला आणि गाई सांभाळायला सुरुवात केली. मुलाने तेच काम पन्नासेक वर्षं पुढे नेलं. वर्तमानपत्रांनी ही गोष्ट सिनेमासारखी रंगवली, खाटकाचा मुलगा गोसेवक वगैरे. मला ती मांडणी फारशी आवडली नाही. खाटकाचा धंदा मेहनतीचा आणि हलाल कमाईचा आहे, त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही. माझं लक्ष वेगळ्याच ठिकाणी अडलं. धंदा एकट्याचा नसतो. भाऊबंद, सोयरीक, बाजारातली पत, उधारी सगळं त्याला बांधलेलं असतं. घरात खाणारी तोंडं असताना बुडनचाचांनी चालू मिळकत सोडली आणि खर्चाची बाजू अंगावर घेतली. त्या दिवशी घरात काय बोलणं झालं असेल, चूल कशी पेटली असेल, हे कुणी विचारलं नाही.

त्यात शिरूर कासारचा भाग. सिंदफणेच्या काठी असला तरी पाण्याला पारखा. दिवाळी आली की माणसं बैलगाड्या जुंपून ऊसतोडीला निघतात, ती उन्हाळ्याच्या तोंडाला परततात. मागे म्हातारी माणसं आणि कामाला न येणारी जनावरं उरतात. बैल हेच इथलं भांडवल. त्याचा खांदा चालतो तोवर त्याला सगळे विचारतात. खांदा थकल्यावरही बैल आणखी काही वर्षं जगतो, आणि त्या वर्षांचा चारा कुणी घालायचा हा शेतकऱ्याचा जुना प्रश्न आहे. 1976 च्या कायद्याने राज्यात गाईची कत्तल बंद होतीच. मार्च 2015 पासून बैल आणि वळूही त्यात आले. कायदा झाला, पण थकलेल्या बैलाच्या वैरणीचं काय, ते ज्याच्या दावणीला तो बांधलाय त्याच्यावरच राहिलं.

मामूंनी हा प्रश्न आपल्या दावणीला बांधून घेतला. त्यांची एक अट होती. गोऱ्हा शेतकऱ्याला द्यायचा, तोही परवडेल अशा किमतीत. पण तो कसायाला विकायचा नाही, आणि सांभाळणं झेपेनासं झालं तर परत आणून सोडायचा. म्हणजे विकतानाच त्याचं म्हातारपण स्वतःकडे घ्यायचं. असा सौदा नेकनूरच्या बाजारात कुणी केल्याचं मी ऐकलेलं नाही.

आणि हे सगळं कशावर? पुरस्काराच्या वेळी छापून आलं होतं की मामूंकडे दीडशेहून जास्त जनावरं आहेत आणि मुख्य कमाई शेणखताची आहे, वर्षाला साठ-सत्तर हजार रुपये. सुट्टी संपल्यावर मी हे आकडे पाचवीच्या वर्गात फळ्यावर लिहिले. 70,000 ला 150 ने भागा. मग आलेल्या उत्तराला 365 ने भागा. मुलांनी भागाकार केला आणि एकेक जण माझ्याकडे बघायला लागला, आपलं काही चुकलं की काय म्हणून. एका जनावरामागे दिवसाला सव्वा रुपया येत होता. त्याच वर्षी उन्हाळ्यात आपल्या जिल्ह्यात सरकारी मदतीवर चारा छावण्या चालल्या. तिथे मोठ्या जनावराला रोजचे 90 रुपये आणि पुढे 100 रुपये अनुदान होतं. मग आम्ही पाण्याचं गणित केलं. एका जनावराला 40 लिटर धरलं तर दीडशे जनावरांना सहा हजार लिटर, म्हणजे पंधरा लिटरच्या चारशे घागरी. मागच्या बाकावरची एक मुलगी म्हणाली, "मॅडम, आमच्या दोन म्हशी आहेत, त्यांचं पाणी मीच आणते." तिला चारशेचा अर्थ वर्गात सर्वांत आधी कळला.

म्हणूनच मला वाटतं, पद्मश्री मामूंच्या नावाची असली तरी ती सगळ्या घराची आहे. इतक्या जनावरांचा गोठा एका माणसाच्या मनावर चालत नाही. पहाटे शेण काढणं, अडलेल्या गाईपाशी रात्र काढणं, दुष्काळात स्वतःच्या जेवणाआधी वैरणीची चिंता, हे मुलांनी, सुनांनी, नातवंडांनी वाटून घेतलं तरच होतं.

आता अब्बांचं सांगते. त्यांच्याकडे दोन एकर कोरडवाहू आणि एक बैलजोडी होती. गावात कुणाचा मय्यत असो, कबर खणायला पहिला हात त्यांचा. कुणाच्या मुलीचं लग्न असो, देगीखालचं लाकूड ते फोडून द्यायचे. तहानलेल्या कुत्र्याला पाणी पाजणाऱ्याला अल्लाहने माफ केलं, ही हदीस ते आम्हाला लहानपणी इतक्या वेळा सांगायचे की आम्ही भावंडं पुढचं वाक्य आधीच बोलायचो. लंगडी मांजर, पतंगाच्या मांज्यात अडकलेला पारवा, घरात कुणी ना कुणी पाहुणा असायचाच.

2016 मध्ये, फजरच्या नमाजहून येताना त्यांना रस्त्याच्या कडेला एक कालवड पडलेली दिसली. वाहनाची धडक बसून मागचा पाय मोडला होता. मालकाचा पत्ता नाही. जनावरांचा दवाखाना सात-आठ मैलांवर. टेम्पो ठरवायचा म्हणून अब्बा घरी पैसे घ्यायला आले, तर अम्मी दारात उभी राहिली. "मत जाओ जी. लोग क्या देखेंगे? टेम्पो, दाढी और गाय का बच्चा." अम्मीचं चुकलं असं मी म्हणणार नाही. त्या दिवसांत रोज काही ना काही कानावर येत होतं.

अब्बा थोडा वेळ ओट्यावर बसले. मग शेजारच्या नानांकडे गेले. नाना वारकरी, गळ्यात तुळशीची माळ. काही न विचारता टोपी घालून निघाले. नाना पुढे ड्रायव्हरशेजारी बसले, अब्बा मागे कालवडीचं डोकं मांडीवर घेऊन. वाटेत दोन ठिकाणी टेम्पो थांबवला गेला. दोन्ही वेळा नानांनी खिडकीतून मान बाहेर काढली आणि टेम्पो पुढे सुटला. पायाला प्लास्टर झालं. कालवड वाचली, थोडी लंगडत राहिली. अब्बांनी ती नानांच्या गोठ्यात बांधली. का, ते दोघांनाही बोलून दाखवावं लागलं नाही. चारा मात्र महिन्याला अर्धा अब्बांचा असायचा.

तर त्या 26 जानेवारीला बातमी दुसऱ्यांदा ऐकून झाल्यावर अब्बा बराच वेळ गप्प होते. मला वाटलं, खूश झाले असतील. खूश होतेच. पण मग त्यांनी विचारलं, "ये मामू जनावर लेके जाते होंगे, तो सामने किसको बिठाते होंगे?"

मी वर्तमानपत्राची घडी घातली. काय उत्तर देणार होते? "आता पद्मश्री आहे त्यांच्याकडे," एवढंच म्हटलं. अब्बा हसले. म्हणाले, "हां, वो सामने बिठा सकते अब."

अब्बा गेले त्या दिवशी कबरीवर माती टाकताना नाना रांगेत होते. पुढच्या पावसाळ्यात ती लंगडी गाय पहिल्यांदा व्याली. काकूंनी गूळ-वेलची घालून केलेला खरवस डब्यात भरून अम्मीकडे पाठवला. अम्मीने डबा उघडला, वड्या मोजल्या आणि सवयीने एक अब्बांसाठी बाजूला काढून ठेवली.