वर्गात माहितीपट : दाखवण्याइतकेच पारखणे महत्त्वाचे

१९१२ साली दादासाहेब फाळके यांनी एका कुंडीत वाटाण्याचा दाणा पेरला आणि इंग्लंडहून मागवलेला कॅमेरा तिच्यासमोर उभा केला. महिन्याहून अधिक काळ ते त्या रोपाचे रोज थोडे थोडे चित्रण करीत राहिले. त्यातून तयार झालेली ‘अंकुराची वाढ’ ही फीत जेमतेम मिनिटभराची होती. ती दाखवून पहिल्या कथापटासाठी भांडवल मिळवणे, हा फाळके यांचा हेतू होता. तो सफलही झाला आणि ३ मे १९१३ रोजी ‘राजा हरिश्चंद्र’ प्रदर्शित झाला. चित्रपटाच्या इतिहासात या फितीची नोंद त्यामुळेच झाली आहे. शिक्षकाच्या दृष्टीने पाहिले, तर मात्र भारतात तयार झालेल्या अगदी सुरुवातीच्या शैक्षणिक फितींमध्ये तिची गणना करावी लागेल. रोप वाढते हे प्रत्येक मुलाला ठाऊक असते, परंतु ते वाढताना कोणालाच दिसत नाही. फाळके यांच्या कॅमेऱ्याने ते दाखवले.

वर्गात माहितीपट का दाखवावा, या प्रश्नाचे सर्वांत सरळ उत्तर हेच आहे. पाठ्यपुस्तकातील आकृती, फळ्यावरचे चित्र किंवा शिक्षकाचे वर्णन जेथे अपुरे पडते, तेथे माहितीपट उपयोगी ठरतो. चार्ल्स आणि रे ईम्स या अमेरिकन दांपत्याचा ‘पॉवर्स ऑफ टेन’ हा १९७७ सालचा नऊ मिनिटांचा लघुपट याचे उत्तम उदाहरण आहे. शिकागोतील एका बागेत सहलीला आलेल्या जोडप्यापासून कॅमेरा दर दहा सेकंदांना दहापट अंतरावर जातो. शहर, पृथ्वी, सूर्यमाला आणि आकाशगंगा मागे टाकून तो परततो आणि मग त्या माणसाच्या हाताच्या त्वचेतून थेट अणूच्या गाभ्यापर्यंत पोहोचतो. दहाचे घातांक फळ्यावर लिहून समजावण्यास दोन तासिका लागतात, तरीही दहाचा तेविसावा घात आणि चोविसावा घात यांत नेमका किती फरक, हे मुलांना जाणवत नाही. येथे ते दहा सेकंदांत जाणवते. याच ईम्स दांपत्याने १९५८ मध्ये भारत सरकारला सादर केलेल्या अहवालातून अहमदाबाद येथील राष्ट्रीय डिझाइन संस्थेची कल्पना पुढे आली, हे येथे जाता जाता नमूद करावेसे वाटते.

तथापि, जे डोळ्यांनी दिसले ते खरेच असणार, असे मानण्याकडे मुलांचा (आणि मोठ्यांचाही) कल असतो. माहितीपटाचे सामर्थ्य आणि त्याचा धोका या दोन्हींचे मूळ या एकाच विश्वासात आहे.

लेमिंगची गोष्ट

लेमिंग हा उत्तर ध्रुवाजवळच्या प्रदेशांत राहणारा, उंदरासारखा छोटा प्राणी. संख्या फार वाढली की लेमिंगचे कळप समुद्रात उड्या टाकून आत्महत्या करतात, अशी समजूत जगभर आढळते. समजूत जुनीच होती, पण तिला चित्ररूप मिळाले ते डिस्ने कंपनीच्या ‘व्हाइट विल्डरनेस’ या १९५८ सालच्या माहितीपटाने. कड्यावरून पाण्यात पडणारे लेमिंग प्रेक्षकांनी त्यात प्रत्यक्ष पाहिले. या माहितीपटाला ऑस्कर पारितोषिकही मिळाले. कॅनडाच्या सार्वजनिक प्रसारण संस्थेने १९८२ मध्ये या चित्रणाचा छडा लावला, तेव्हा निराळेच चित्र समोर आले. चित्रीकरण झाले होते अल्बर्टा प्रांतात, जेथे समुद्र नाही आणि ते लेमिंगही आढळत नाहीत. प्राणी दुसरीकडून विकत आणले होते. थोडेच प्राणी पुष्कळ भासावेत म्हणून बर्फ पसरलेल्या फिरत्या चकतीचा वापर करण्यात आला होता आणि कड्यावरून त्यांना ढकलण्यात आले होते. पडद्यावरचा समुद्र म्हणजे एक नदी होती. प्रत्यक्षात अन्न आणि जागा यांच्या शोधात लेमिंग स्थलांतर करतात आणि वाटेतील पाणी ओलांडताना त्यांतील काही बुडतात. यात आत्महत्या कोठेच नाही.

या मधल्या चोवीस वर्षांत ज्या मुलांनी हे दृश्य पाहिले, त्यांना कोणीही खोटे बोलून फसवले, असे म्हणता येणार नाही. शिक्षकांचाही त्यावर विश्वासच होता. दोष असेल तर एवढाच की, ‘हे चित्रण कोठे झाले, कॅमेरा कोठे होता, तो तेथे आधीपासून कसा होता’ हे प्रश्न विचारण्याची सवय वर्गात नव्हती. पुस्तकातील विधानाला आधार विचारणारे चिकित्सक शिक्षकही पडद्यासमोर हा प्रश्न विसरतात, असा सार्वत्रिक अनुभव आहे.

प्रश्न विचारण्याची ही सवय लावण्यासाठी महागड्या साधनांची गरज नाही. फ्रेंच दिग्दर्शक ख्रिस मार्कर यांनी १९५७ मध्ये ‘लेटर फ्रॉम सायबेरिया’ या माहितीपटात एक लहानसा प्रयोग केला. याकुत्स्क शहरातील एका रस्त्याचे दृश्य त्यांनी लागोपाठ तीन वेळा दाखवले. बस जाते, मोटार जाते, कामगार रस्ता सपाट करीत आहेत, एक माणूस कॅमेऱ्याकडे पाहत पुढे जातो. पहिल्या वेळी निवेदक सोव्हिएत व्यवस्थेचे गुणगान करतो, दुसऱ्या वेळी तिची निंदा करतो आणि तिसऱ्या वेळी तटस्थपणे बोलतो. दृश्य तेच असले तरी अर्थ तीन होतात.

हा प्रयोग कोणत्याही शाळेत मराठीच्या तासिकेलाही करता येतो. बाजारपेठ, धरण, शेत, रेल्वे स्थानक अशा कोणत्याही विषयावरील माहितीपटातील दोन मिनिटांचा भाग आवाज बंद करून दाखवावा. अर्ध्या वर्गाने त्यासाठी कौतुकाचे निवेदन लिहावे, अर्ध्या वर्गाने टीकेचे. नंतर दोन्ही निवेदने त्याच दृश्यावर वाचून दाखवावीत आणि शेवटी मूळ आवाज ऐकवावा. इयत्ता आठवीच्या पुढील मुलांना निवेदकाचा भारदस्त आवाज म्हणजे पुरावा नव्हे, हे मग निराळे सांगावे लागत नाही. महाराष्ट्रात २०१८ मध्ये आलेल्या इयत्ता दहावीच्या इतिहासाच्या पाठ्यपुस्तकात ‘प्रसारमाध्यमे आणि इतिहास’ असे स्वतंत्र प्रकरणच समाविष्ट करण्यात आले. अशा प्रकरणाला हा प्रयोग चांगली जोड ठरू शकतो.

न्यायालयात गेलेला माहितीपट

वर्गात दाखवायच्या माहितीपटावर न्यायालयानेच मत द्यावे, असा प्रसंग इंग्लंडमध्ये घडला. अमेरिकेचे माजी उपाध्यक्ष अल गोर यांचा हवामान बदलावरील ‘अ‍ॅन इनकन्व्हिनियंट ट्रुथ’ हा माहितीपट २००६ मध्ये प्रदर्शित झाला. तो इंग्लंडमधील माध्यमिक शाळांना पाठवण्याचा निर्णय तेथील सरकारने २००७ मध्ये घेतला. एका शाळेच्या व्यवस्थापन मंडळाच्या सदस्याने याविरुद्ध लंडनच्या उच्च न्यायालयात दाद मागितली. शाळांतून एकांगी राजकीय विचारांचा प्रचार होता कामा नये आणि वादग्रस्त राजकीय विषयांची मांडणी समतोल असावी, असे तेथील १९९६ चा शिक्षण कायदा सांगतो. त्याचाच आधार या अर्जाला होता.

न्यायमूर्ती मायकल बर्टन यांनी ऑक्टोबर २००७ मध्ये दिलेला निकाल दोन्ही बाजूंच्या उत्साही मंडळींना पुरता रुचला नाही. हवामान बदलाविषयीची माहितीपटाची मूळ मांडणी मोठ्या प्रमाणात अचूक असल्याचे त्यांनी मान्य केले. मात्र नऊ मुद्द्यांवर माहितीपट प्रस्थापित वैज्ञानिक मताच्या पुढे गेला आहे, असे त्यांनी दाखवून दिले. समुद्राची पातळी नजीकच्या भविष्यकाळात वीस फुटांनी वाढेल, असा समज माहितीपटातून होतो. उपलब्ध विज्ञानानुसार एवढी वाढ होण्यास कित्येक सहस्रके लागतील, हा त्यांतील एक मुद्दा. किलिमांजारो पर्वतावरील बर्फ आणि चाड सरोवराचे आटणे यांचे कारण निश्चितपणे हवामान बदल हेच, असे म्हणण्याइतका पुरावा नसल्याचेही त्यांनी नोंदवले. निकालपत्र जाहीर झाल्यानंतर दोनच दिवसांनी गोर यांना नोबेल शांतता पुरस्कार घोषित झाला, हा योगायोग त्या वेळी बराच चर्चिला गेला.

येथे महत्त्वाची आहे ती न्यायालयाने मान्य केलेली तोड. माहितीपट वर्गात दाखवण्यास मनाई करण्यात आली नाही. शिक्षकांसाठी सुधारित मार्गदर्शक टिपणे सोबत देऊन आणि वादग्रस्त विधानांकडे मुलांचे लक्ष वेधून तो दाखवता येईल, असे ठरले. हवामान बदलाचे संकट खरे आहे, म्हणूनच त्याविषयीची अतिशयोक्ती वर्गात उघड करणे आवश्यक होते. एक विधान फुगवलेले निघाले की मुले पुढची नऊ खरी विधानेही नाकारू लागतात. टिपणांसह दाखवण्याची ही पद्धत अशा कोणत्याही माहितीपटाच्या बाबतीत वापरण्याजोगी आहे.

आपल्याकडील ठेवा

भारतात या माध्यमाचा शिक्षणासाठी वापर नवा नाही. १ ऑगस्ट १९७५ पासून वर्षभर चाललेल्या ‘साइट’ या उपग्रह दूरचित्रवाणी प्रयोगात अमेरिकेच्या उपग्रहाच्या साहाय्याने सहा राज्यांतील सुमारे २,४०० खेड्यांत कार्यक्रम पोहोचवण्यात आले. सकाळची वेळ शाळकरी मुलांसाठी राखून ठेवलेली होती. हजारो प्राथमिक शिक्षकांचे प्रशिक्षणही याच प्रयोगात झाले. दूरचित्रवाणी संच बसवून काम संपत नाही, हे त्या काळच्या योजनाकारांनी ओळखले होते. नंतरच्या अनेक योजनांत या गोष्टीचा विसर पडलेला दिसतो. महाराष्ट्रात १९८४ मध्ये पुण्यात सुरू झालेल्या ‘बालचित्रवाणी’ने मराठीत शालेय कार्यक्रमांची निर्मिती केली. दूरदर्शनवरील ते कार्यक्रम पाहत मोठी झालेली पिढी आज चाळिशीत आहे. ही संस्था २०१७ मध्ये बंद करण्यात आली.

सर्वांत मोठा ठेवा आहे तो १९४८ मध्ये स्थापन झालेल्या फिल्म्स डिव्हिजनचा. चित्रपटगृहात मुख्य खेळाआधी दाखवले जाणारे तिचे अनुबोधपट आणि वृत्तपट जुन्या प्रेक्षकांना आठवत असतील. बरेचसे प्रेक्षक ते संपल्यावरच आत येत, हेही खरे. २०२२ मध्ये ही संस्था राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळात विलीन झाली. तिचे अनेक जुने लघुपट आता इंटरनेटवर विनामूल्य पाहता येतात. सत्यजित राय यांनी रवींद्रनाथ टागोरांच्या जन्मशताब्दीनिमित्त १९६१ मध्ये केलेला माहितीपट आणि चित्रकार बिनोदबिहारी मुखर्जी यांच्यावरील ‘द इनर आय’ हे त्यांपैकीच.

इतिहास आणि नागरिकशास्त्राच्या शिक्षकांनी मात्र एस. एन. एस. शास्त्री यांचा १९६७ मधील ‘आय अ‍ॅम ट्वेंटी’ आवर्जून पाहावा. स्वातंत्र्याच्या वर्षी जन्मलेल्या आणि त्या वेळी विशीत पोहोचलेल्या तरुण-तरुणींच्या मुलाखती त्यात आहेत. देशाविषयी त्यांना काय वाटते, त्यांची स्वप्ने आणि तक्रारी काय आहेत, हे ते कॅमेऱ्यासमोर मोकळेपणाने सांगतात. सरकारी संस्थेच्या लघुपटात एवढा मोकळेपणा आढळावा, याचे आजही आश्चर्य वाटते. लांबी वीस मिनिटांच्या आसपास असल्याने तो एका तासिकेत बसतो. पाहताना मुलांना साधी मोजणी करायला सांगावी. बोलणाऱ्यांत मुली किती, खेड्यातील किती, इंग्रजीत बोलणारे किती आणि कोणाचा आवाज त्यात नाही? ही मोजणी फळ्यावर मांडली की चर्चेला वेगळी सुरुवात करून द्यावी लागत नाही. लघुपटातील ती पिढी आज ऐंशीच्या उंबरठ्यावर आहे. आपल्या घरातील किंवा शेजारच्या त्या वयाच्या व्यक्तीला तेच प्रश्न विचारून मोबाइलवर पाच मिनिटांची मुलाखत ध्वनिमुद्रित करणे, हा यावरील गृहपाठ होऊ शकतो. तो दिवाळीच्या सुट्टीत द्यावा. आजी-आजोबांची भेट तेव्हा होतेच, आणि या आठवणी टिपण्यास आता फार काळ उरलेला नाही.

काही व्यवहार्य बाबी

तासिका पस्तीस-चाळीस मिनिटांची असते आणि बहुतेक माहितीपट तिच्यापेक्षा लांब असतात. पूर्ण माहितीपट दाखवण्याचा अट्टहास धरल्यास चर्चेला वेळ राहत नाही आणि शिक्षक रजेवर असताना वर्ग शांत ठेवण्याचे साधन एवढीच त्याची किंमत उरते. त्याऐवजी शिक्षकाने तो आधी संपूर्ण पाहावा, सहा ते आठ मिनिटांचा भाग निवडावा, दोन-तीन प्रश्न पाहण्यापूर्वीच फळ्यावर लिहावेत आणि तो भाग दोनदा दाखवावा. खोलीत पूर्ण अंधार करू नये, मुलांना लिहिता आले पाहिजे. पडदा लहान असला तरी चालतो, पण शेवटच्या बाकापर्यंत आवाज पोहोचत नसेल तर सारे व्यर्थ जाते. वीज आणि इंटरनेट यांच्या भरवशावर न राहता, ज्या संकेतस्थळावर तशी मुभा असेल तेथून फीत आधीच उतरवून घेणे श्रेयस्कर.

भाषेची अडचण मोठी आहे. चांगले माहितीपट बहुतांशी इंग्रजीत किंवा हिंदीत असतात. बेळगाव, गोवा किंवा इतरत्र मराठी माध्यमात शिकवणाऱ्या शिक्षकांना ती विशेष जाणवते. अशा वेळी आवाज बंद करून शिक्षकाने स्वतःच मराठीत निवेदन करणे हा उपाय सोपा आहे. त्याची पूर्वतयारी करावी लागते, पण मुले मध्येच थांबवून प्रश्न विचारू शकतात, हा त्याचा मोठाच लाभ.

कायद्याविषयी शिक्षकांच्या मनात अकारण धास्ती असते. १९५७ च्या स्वामित्वहक्क कायद्यातील कलम ५२ शिक्षणसंस्थांना सवलत देते. संस्थेच्या कामकाजाचा भाग म्हणून तेथे चित्रपट दाखवल्यास स्वामित्वहक्काचा भंग होत नाही, मात्र प्रेक्षक संस्थेचे विद्यार्थी, कर्मचारी, विद्यार्थ्यांचे पालक आणि संस्थेच्या कार्याशी संबंधित व्यक्ती एवढेच असावेत. म्हणजे पालकसभेत माहितीपट दाखवता येईल, गावातील सर्वांसाठी मैदानात पडदा लावायचा असल्यास निर्मात्याची परवानगी घ्यावी लागेल. वर्गणी भरून पाहण्याच्या ऑनलाइन सेवांच्या अटी बहुधा वैयक्तिक वापरापुरत्या असतात, त्या स्वतंत्रपणे वाचून घ्याव्यात. स्वतंत्रपणे काम करणारे अनेक दिग्दर्शक शाळेने पत्र लिहिल्यास आनंदाने अनुमती देतात, आणि जवळपास राहत असतील तर वर्गात येऊन मुलांच्या प्रश्नांना उत्तरेही देतात.